पेव

फळीवर लिहिलंय, इथून पुढे अभयारण्य.
मी मनात मराठी करून वाचते आणि हसू येतं.
अरण्य म्हणावं तर एक झाड नाही,
नजर जाईल तिथवर सगळ्यात उंच मीच,
पाच फूट दोन इंच, रबरी बुटांसकट.
आणि अभय?
ते काक्टोविकात कुणी कुणाला देत नाही.
शाळेला निघालेली पोरं कोपऱ्यावर थबकतात,
आधी अस्वल बघतात,
मग रस्ता ओलांडतात.

माझं काम साधं.
समुद्राच्या कडेला खुंट्या ठोकायच्या,
कडा किती दूर ते टेपने मोजायचं,
वर्षाने परत यायचं.
यंदा सतरा नंबरची सापडलीच नाही.
अठरावी अर्धी उघडी पडलीय,
हिरडीने सोडलेल्या दातासारखी.
वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा.
सतराव्या ओळीत मी लिहिलं : गेली.

डोरकास म्हणाली, ये, माझं तळघर बघ.
तिच्या बापाने कुदळीने खणलेलं, बारा पायऱ्यांचं,
गोठलेल्या मातीच्या पोटात देवमाशाचं मांस ठेवायला.
झाकण उघडलं, वास आला,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं :
आधी कंदील सोडायचा ना?

हरिपूरला पेवात उतरताना सोडायचे.
ज्योत विझली तर माणूस उतरत नसे.
खाली हळद असायची, वर्षानुवर्षं, पिवळीधमक,
दोन हजार पाचला नदी आत शिरेपर्यंत.

डोरकास म्हणाली, इथे हवेचं भय नाही.
इथे पाणी.

बॅटरी मारली.
लहानपणी म्हणे भिंतींना बर्फाची लव असायची,
फुंकर मारली की चमचमत झडायची.
आता भिंत घामेजलेली.
शेवटच्या दोन पायऱ्या पाण्यात,
आणि पाण्यावर, शांतपणे, एक प्लॅस्टिकचा मग तरंगतोय.
मांस आता घरातल्या फ्रीजरमध्ये असतं.
उत्तर महासागराच्या काठी
डिझेल जाळून गारठा करायचा, ती म्हणाली,
आणि बिलाचा आकडा सांगितला.

मी तिला सांगायला गेले
की आमच्या भाषेत एखाद्या गोष्टीचं पेव फुटतं.
क्लासेसचं फुटतं, बुवांचं फुटतं,
म्हणजे जिकडेतिकडे तेच.
तिने विचारलं, आणि आतलं धान्य?
मी गप्प.
इतकी वर्षं बोलतोय,
धान्याचं पुढे काय झालं
ते कधी कुणी विचारलंच नव्हतं.

वर आल्यावर तिने चहा दिला,
खिडकीतून दक्षिणेकडे बोट केलं.
ओढ्याकाठची वाळुंज बघ,
पूर्वी घोट्याला लागायची, आता गुडघ्याला.
जाळ्यात गुलाबी सॅमन येतो, त्याला कुणी बोलावलं नव्हतं.
बर्फ लांब गेलंय, अस्वलं मात्र इथेच बसून राहतात,
हाडांच्या ढिगापाशी, बस चुकलेल्या माणसांसारखी.
मला वाटलं, अरण्य येतंय की हळूहळू.
अभयाचंच काही कळत नाही.

गाव तीनदा उठवलं हवाईदलाने,
तिसऱ्या वेळी मी सांगण्याइतकी मोठी होते, ती म्हणाली.
ते निदान कागद घेऊन यायचे.
हा चौथा,
आणि तिने मान वळवली
जिकडून आवाज येत होता तिकडे.

निघताना तिने मांसाची पुडी हातात ठेवली.
बेटाचं नाव बार्टर, रिकाम्या हाताने कसं घ्यायचं?
पिशवीत हळद होती, घरची, आईने कोंबलेली.
डोरकासने चिमूट हुंगली, बदकाच्या रश्श्यात टाकीन म्हणाली,
आणि मागच्या दाराने मला बाहेर काढलं.

तिथे दोरीवर मोजे वाळत होते.
दोरीचं एक टोक घराला,
दुसरं एका नारिंगी खुंटीला.
खुंटीवर माझ्याच अक्षरात : १७.

वाळूत पडली होती, ती म्हणाली. तुझी का?

मी वही काढली.
गेली खोडलं.
बोटं गारठलेली, पेन चालेना,
तोंडाच्या वाफेने ते ऊबवत
मी शेऱ्यात लिहिलं :
आहे. डोरकासकडे. वापरात.